दिरारचं दूध

मला दिवस गेलेत हे सासूबाईंनी माझ्याआधी ओळखलं. रोज सकाळी उंटिणीची धार काढता काढता मी ओकायला पळायची, आणि त्या बाईच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ!

“मावय्या,” त्या म्हणाल्या, “परक्याचं पोर अंगावर पाजतेस आणि पोटात दुसरं वाढवतेस? लाज नाही वाटत?”

“तुमच्या लेकाला विचारा, आत्याबाई. मी एकटीनंच केलं का हे?”

लेक म्हणजे माझा नवरा जुंदुब. तांड्याबरोबर गेलेला, पाच महिन्यांनी परत आला आणि आम्हा दोघांचंही भान सुटलं. दुसऱ्याचं मूल पाजणारीनं दोन वर्षं नवऱ्यापासून लांब राहायचं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. गरोदर बाईचं दूध नासतं. ते प्यायलेला मुलगा वरून धडधाकट दिसतो, पण आतून पोखरला जातो आणि ऐन लढाईत घोड्यावरून कोसळतो. मी हे ऐकतच वाढले. मला ते खरंच वाटतं, काय करू?

माझ्या अंगावरचा दिरार आता चौदा महिन्यांचा होता. गेल्या वर्षी माझी मुलगी चाळीस दिवसांची होऊन वारली, आणि त्याच आठवड्यात मक्केहून अतिकाबाई आपला मुलगा वाळवंटात वाढवायला द्यायला आल्या. त्यांचे आधीचे दोन मुलगे शहरातच तापानं दगावले होते. एक तर वर्षाचाही झाला नव्हता. दिरारला त्या बाईनं माझ्या मांडीवर ठेवलं.

आता खरं सांगावं तर दिरारचा बाप त्याला त्याच दिवशी मक्केला घेऊन जाणार, त्याच तापात. गप्प राहावं तर मी माझ्या हातानं त्याला विष पाजणार. पळायला कुठं वाटच नव्हती. आमच्या आठ राहुट्यांत दुसरी ओली बाळंतीण नव्हती. असती तर तिच्या पाया पडले असते.

“तोड त्याला अंगावरून,” सासूबाई म्हणाल्या. “कोरफड लाव.”

लावली. दिरारनं तोंड घातलं, थुंकला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की माझं काळीज फाटलं. शेळीचं दूध दिलं तर त्याला जुलाब झाले. खजूर कुस्करून दिला तर तोंडातून बाहेर. तिसऱ्या दिवशी त्याला रडायचंही त्राण उरलं नाही. माझी छाती मात्र दगडासारखी भरलेली, आणि पोर शेजारी उपाशी! माझ्या नशिबाला किती शिव्या दिल्या, विचारू नका.

नेमका त्याच दुपारी अतिकाबाईंचा उंट राहुटीपुढे बसला. मुलाला दिल्यापासून वर्षानं त्या पहिल्यांदाच त्याला बघायला आल्या होत्या. त्यांचा नवरा किलाब बाहेर पुरुषांत बसला, त्या आत आल्या.

“अगंबाई, हा इतका वाळला कसा?”

“दात येताहेत, बाई,” मी म्हटलं.

सासूबाई कोपऱ्यात लोकर पिंजत होत्या. मान वर केली नाही, पण हात थांबले.

अतिकाबाईंनी दिरारला उचललं. तो परक्या बाईला घाबरून माझ्याकडे झेपावला आणि माझ्या ओढणीखाली तोंड खुपसलं. लगेच किंचाळून मागे सरला. त्यांनी त्याच्या ओठांना बोट लावलं आणि चाखलं.

“कोरफड,” त्या म्हणाल्या. मग माझ्या पोटाकडे बघितलं. “कितवा महिना?”

मी ओढणी पोटावर ओढून घेतली.

“तीन मुलं झालीत मला, मावय्या. मला शिकवू नकोस. कितवा?”

“तिसरा,” मी म्हटलं आणि तिथंच कोसळून रडले. “माझं चुकलं, बाई. मारा मला, पण त्याला मक्केला नेऊ नका. नाहीतर न्या. मला कळत नाही काय सांगू. माझं दूध नासलंय. तो घोड्यावरून पडेल.”

अतिकाबाईंनी पखालीतून ओंजळभर पाणी घेतलं, माझी ओढणी बाजूला केली आणि स्वतःच्या हातानं माझी छाती धुतली. दोनदा, तीनदा. पदरानं पुसली.

“पडेल तेव्हा पडेल,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोटचा एक तरी घोड्यावर बसण्याइतका मोठा होऊ दे.”

“आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर?”

“तर मी सगळ्यांसमोर तुलाच शिव्या घालीन. मला माहीत होतं असं मी कुणाला सांगणार नाही. सांगू शकत नाही गं. चालेल तुला?”

मी मान डोलावली. त्यांनी दिरारला माझ्या मांडीवर ठेवलं. त्यानं आधी वास घेतला, जीभ लावून पाहिली आणि मग दोन्ही मुठींनी मला धरून असा ओढू लागला की मला कळ आली.

बाहेरून किलाबनं हाक मारली, “काय गं, दूध नीट आहे ना तिचं?”

अतिकाबाई कनातीपाशी उभ्या राहिल्या. मी बघत होते.

“उत्तम आहे,” त्या म्हणाल्या.