केळीच्या खोलीतला दुसरा अल्बम

पहिल्या अल्बममध्ये ड्रम भूमिकाचे नव्हतेच. वाजवले होते तिनेच, पण इंदूरच्या मिक्सिंगवाल्याने 'ताल हलतो' म्हणत तिचे ठोके काढून कॉम्प्युटरचे बसवले. नाव मात्र तिचंच! बुऱ्हाणपुरात कुणी कौतुक केलं की पोरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून दुसऱ्या अल्बमला तिने हट्टच धरला. सत्तरच्या दशकातल्या त्या भारदस्त रॉकसारखं सगळ्यांनी एका खोलीत, एकदम वाजवायचं. मागाहून जोडकाम नाही. गिटारवाला रितेश आणि गाणारा योगेंद्र दोघंही कबूल झाले.

खोली तिच्या पप्पांची, केळी पिकवायची. माल यायला वेळ होता, म्हणून तिघांनी ती रिकामी करून लख्ख पुसली. आणि झालं काय? ड्रम असे खणखणले की जणू पत्र्याच्या पिंपावर कुणी लाटणं हाणतंय. कुठला जुना दणका नि कुठलं काय!

हिरमुसून आवरायला घेतलं, तोवर गाडी आलीच. हिरव्या केळीचे क्रेट छतापर्यंत रचले गेले आणि ड्रम मधल्या बोळात अडकले. ते काढताना भूमिकाचा पाय मोठ्या ड्रमला लागला. धप्प! ती थबकली. पुन्हा मारून पाहिलं. खोल, गोल, थेट पोटात बसणारा आवाज; सगळं घुमणं केळ्यांनी गिळलं होतं.

पण आता पिकवायचा गॅस सोडला की दार बंद. उशीर केला तर माल उशिरा पिवळा होणार, आणि व्यापारी फोनवर फोन करत होता. तिने पप्पांच्या, गिरधरभाऊंच्या, हातापाया पडून एक गाणं मागितलं. एकच, असं बजावून ते दारातच उभे राहिले.

तिघं दाटीवाटीने बसले, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सुटले. योगेंद्रने चुकून पहिलंच कडवं दोनदा गायलं, रितेशची तार तुटली. शेवटाकडे भूमिकाचा ताल पळाला, तसं अख्खं गाणं तिच्यामागे धावलं, आणि अंगावर काटा आला सगळ्यांच्या. कडवं कॉम्प्युटरवर दुरुस्त करू, असं योगेंद्र पुटपुटला.

"कशालाच हात नाही लावायचा," भूमिका म्हणाली.

गिरधरभाऊंचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी उचलला आणि माल एक दिवस उशिरा मिळेल, असं सांगून ठेवून दिला. मग उलट्या क्रेटवर बूड टेकलं.

"अजून एक होऊ दे, बेटा. मला नीट बघू दे."

भूमिकाने बाहीने डोळे पुसले आणि रितेशला तार बदलायला सांगितलं.