डोळे मिटा, यंत्र चालेल!

"डोळे मिटा! सगळ्यांनी! एकानेही उघडले तर यंत्र रुसेल!"

आणि आम्ही चांगली शहाणीसुरती माणसं डोळे मिटून उभी. बाइंडरकाका हातात गोंदाचा डबा घेऊन, साहेब हात जोडून. शेजारच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं तर खास चमत्कार बघायला आली होती, तीही डोळे मिटून! सव्वीस वर्षं झाली, पण आठवलं की अजून हसू फुटतं.

आमचा ब्रेलचा छापखाना होता. मी कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचा, प्रोग्रामने त्याची टिंबं करायची आणि यंत्राने ती जाड कागदावर उठवायची. तो कागद बोटांनी वाचून चुका काढायचं काम ताईंचं. ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं, पण माझी एक चूक कधी त्यांच्या बोटांतून सुटली असेल तर शपथ!

दोन आठवडे रोज सकाळी यंत्र अडत होतं. पडद्यावर एकच पाटी: 'टिंबतक्ता सापडत नाही.' टिंबतक्ता म्हणजे कोणत्या अक्षराला कोणती टिंबं, त्याची यादी. मग स्पर्शगुरूंना बोलावणं जायचं. हे मूळचे आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे, पण अलीकडे दुरुस्ती सुटली होती आणि दाढी वाढली होती. पडदा आणि कीबोर्डवर ते आपली शाल पसरायचे, कारण म्हणे यंत्राला लाज वाटते. मग आम्हाला डोळे मिटायला लावून, शालीखाली हात घालून गर्जायचे, "वाट चुकलेल्या यंत्रा, तुझी वाट माझ्या तळहातात आहे! वाहा, ऊर्जे, वाहा!"

की लगेच खट् खट् खट्! टाळ्या! आणि संध्याकाळी बंद केलं, की सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्या दिवशी यंत्र चालू झाल्यावर गुरूंनी निदानही सांगितलं. "खिडकीच्या खोलीत ज्योत विझलेल्या डोळ्यांचं माणूस बसतं. यंत्राला ते सोसत नाही. ती खोली माझ्या बैठकीला द्या आणि बाईंना घरी पाठवा."

साहेब खाली बघत म्हणाले, "ताई, आठवडाभर घरी राहा. मग बघू."

'मग बघू'चा अर्थ नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला कळतो. ताईंनी साहेबांच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"साहेब, अंधांची पुस्तकं छापणाऱ्या यंत्राला अंध माणूस सोसत नाही? उद्या मासळीबाजाराला मासे सोसायचे नाहीत!"

बाइंडरकाका फिसकन हसले.

"जाते मी, पण पाच मिनिटं द्या. तुम्ही सगळे डोळे मिटता. माझे मिटलेलेच, म्हणून मी कान उघडे ठेवले. त्या गर्जनेखाली आधी एक उतरती धून वाजते, मग चढती. उतरती कॉम्प्युटरवरच्या एखाद्याच्या खात्यातून बाहेर पडल्याची, चढती खात्यात शिरल्याची. अगं, बघ गं, आत्ता कॉम्प्युटरवर कुणाचं खातं उघडं आहे?"

मी शालीला हात घातला.

"हात लावू नका! झटका बसेल!" गुरू किंचाळले.

"बसू दे. संसारात पुष्कळ बसलेत."

असं म्हणत मी शाल ओढली. कोपऱ्यात 'छापखाना' हे नाव असायचं, तिथे 'गुरू' होतं!

"आता प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल उघड," ताई म्हणाल्या. "यंत्र नवीन आलं तेव्हा तू मला ती वाचून दाखवली होतीस. टिंबतक्त्याचा पूर्ण पत्ता होता: डी ड्राइव्ह, त्यात छापखाना, त्यात टिंबतक्ता. आता काय आहे?"

पत्ता गायब होता. त्या जागी टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये एकच शब्द: 'गुरुघर'.

"टक्क्यांमधला शब्द म्हणजे पत्त्याचं टोपणनाव. प्रोग्रामला सांगितलंय, गुरुघरी जा. आणि गुरुघर कुठे, हे फक्त गुरूंच्या खात्याला सांगून ठेवलंय. सकाळी आपल्या खात्यातून निघालेला प्रोग्राम बिचारा जाणार कुठे? त्यांच्या खात्यात असल्या शब्दांची यादी असेल. बघ, गुरुघर म्हणजे काय लिहिलंय."

यादी सापडली. मी मोठ्याने वाचलं, "गुरुघर, म्हणजे डी ड्राइव्ह, छापखाना, टिंबतक्ता."

"अरे, हा तर आपलाच पत्ता!" साहेब ओरडले.

"घर आपलंच, साहेब. किल्ली तेवढी त्यांच्या खिशात."

मी 'गुरुघर' खोडून फाइलमध्ये जुना पूर्ण पत्ता लिहिला, गुरूंचं खातं बंद केलं आणि छापखान्याचं उघडलं.

"स्पर्शाशिवाय चालणार नाही!" गुरूंचा शेवटचा बाण.

"हा घ्या स्पर्श!" म्हणत बाइंडरकाकांनी गोंदाचा डबा यंत्रावर ठेवला. मी बटण दाबलं.

खट् खट् खट् खट्!

साहेबांनी सवयीने डब्याला हात जोडले, मग जीभ चावली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात गुरू शाल काखोटीला मारून पसार.

"ताई, चुकलं माझं," साहेब म्हणाले. "खोली तुमचीच आणि काम तुमचंच."

"बरं झालं. खिडकीतून वारा छान येतो."

आता माझं वय झालं, पण तेव्हा शिकलेलं विसरले नाही. एखादी गोष्ट एकाच्याच हातून चालते आणि दुसऱ्याच्या नाही, तेव्हा त्या हाताच्या पाया पडू नका. दोघांच्या करण्यात फरक काय, ते शोधा. कुणी डोळे मिटायला सांगितलं तर टक्क उघडे ठेवा, आणि नसतील दिसत तर कान उघडा. विचारायला कसली लाज? लाज शालीखाली हात घालणाऱ्याला वाटू दे.

गोंदाच्या डब्याच्या कृपेने निघालेलं पहिलं पान मी ताईंच्या हातात दिलं. त्यांची बोटं तिसऱ्या ओळीवर थबकली.

"इथे चूक आहे. आणि ही गुरूंची नाही हं, तुझी."