ढब्याचे कान

ओट्यावरून झाकण पडलं. दुपारच्या शांततेत आमच्या कुत्र्याचे, ढब्याचे, कान ताठ झाले आणि मान स्वयंपाकघराकडे वळली. त्याच्यासमोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या बाळाचीही मान वळली.

"बघ, कान कसे तिखट आहेत," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुला तपासणी हवीय."

"लस देणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलंय, आई. अजून बा-बा, मा-मा काहीच नाही."

"त्याचा बापही उशिराच बोलला. आता गप्प बसवून दाखव त्याला."

बापाची स्कूटर कोपऱ्यावर यायच्या आधीच ढब्या दाराकडे बघायचा, पाठोपाठ बाळ. कधी तर कसलाच आवाज नसताना दोघं मिळून कोऱ्या भिंतीकडे टक लावायचे. आम्ही हसायचो.

तपासणीची खोली आतून सगळी मऊ होती, भिंतीसुद्धा. मी बाळाला मांडीवर घेतलं. काचेपलीकडून तपासणाऱ्या बाई एकेक आवाज सोडत होत्या. आधी पाखरासारखे बारीक, मग मोठे, मग असा एक की मी दचकले. मी दचकले म्हणून बाळ माझ्याकडे बघून हसलं. नंतर झोपेत यंत्र लावूनही बघितलं. तेच निघालं.

"घरी वळतो हो," मी म्हणाले. "आमचा कुत्रा वळला की..." आणि तिथंच थांबले.

बाई शेजारी येऊन बसल्या. "आपल्याला ऐकू येणं जिथं संपतं ना, तिथून पुढचे बारीक आवाजही कुत्र्याला येतात. मांजराला त्याहून पुढचे. तुमचं बाळ कुत्र्याचे कान बघतं. हुशार आहे. पण ऐकत नाही."

बसमध्ये मी त्याच्या कानाला ओठ लावून बसले. ऊबदार, नीट घडवलेला कान.

घरी सासूबाईंनी ढब्याला गॅलरीत कोंडलं. बाळाच्या पाठीमागे उभ्या राहून ताटावर पळी हाणली. गॅलरीतून ढब्या भुंकला. बाळ मोज्याचा दोरा ओढत राहिलं. त्यांनी पुन्हा हाणली. पुन्हा.

"आई, पुरे," म्हणत नवऱ्यानं पळी काढून घेतली.

मी थोरल्या लेकीला जवळ घेतलं आणि तिला कळेल तसं सांगितलं. शाळेतून आली की दारातूनच भावाला हाका मारत येते ती. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"आई, मग त्याला स्वतःचं नाव काय वाटतं?"