चौथ्या पायरीपर्यंत पाणी

आमचे हे, म्हणजे रेणुकादास मास्तर, रिटायर झाले तरी शिकवायची खोड काही गेली नाही. त्या खोडीनं माझ्या डोक्याला जो ताप झाला, तो सांगते.

नांदेडला गोदावरीच्या अंगाला आमचं घर. वर आम्ही दोघं, खाली कोचिंगसाठी आलेल्या किनवटच्या, उमरीच्या पोरी. माझ्या हातचं जेवतात अन् दिवसभर घोकत बसतात. आमचं सगळं या घरावरच चालतं. मागच्या पावसाळ्यात नदी गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन गेली, तेव्हापासून मला एकच घोर, घराचा पुराचा विमा काढायचा. भाचा राघवेंद्र विम्याचंच काम करतो. तो म्हणाला, "काढू की मामी, त्यात काय!"

तेवढ्यात पूररेषा आखणारे सरकारी लोक गल्लीत आले. ते नकाशावर निळी रेषा काढतात. तिच्या आत जे घर आलं, तिथं पूर येणार असं धरायचं. मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं, असं ते लोकांना विचारत होते.

आता ह्यांचं जुनं दुखणं ऐका. भूकंपानंतर जळकोटच्या आमच्या घराला भेगा पडल्या होत्या, त्या बघायला साहेब आले. अख्ख्या आळीनं भेगा दाखवल्या. ह्यांनी मात्र परक्या माणसापुढं अब्रू जायला नको म्हणून भेगेवर कॅलेंडर टांगलं अन् साहेबांना चहा पाजला. शेजाऱ्यांना सिमेंट अन् पत्रे मिळाले. आमच्या घरावर 'घर उत्तम' असा शेरा पडला. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, सरकारी माणूस दिसला की नुकसान दाखवायचं, काही ना काही मिळतंच.

मग काय! ह्यांनी ओट्यावर गल्लीचा क्लासच लावला. "पाणी कुठवर आलं? मास्तरांच्या चौथ्या पायरीपर्यंत! म्हणा!" समोरच्या सरजाबाईकडून घोकून घेतलं, दुकानदार मलप्पाकडून घेतलं.

मलप्पा म्हणाला, "मास्तर, माझ्या दुकानापाशी बी आलं न्हवतं की हो."

"तुला पास व्हायचंय का न्हाई?" हे गरजले.

"अहो, काय करून राहिले हे?" मी म्हणलं, तर मलाच गप्प बसवलं. वर भिंतीवरचा डाग पुरावा म्हणून दाखवला. तो डाग आमच्या कूलरचा, उन्हाळाभर गळत होता मेला! रेषा आखणाऱ्यांचे मुख्य सिद्धलिंग साहेब, त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं अन् सरळ चाललेली निळी रेषा आमच्या दाराशी वाकवून घर आत घेतलं. हे लई खूश झाले.

चार दिवसांनी राघवेंद्र तोंड पाडून आला. "मामी, घर निळ्या रेषेत गेलं. कंपनी पुराचा विमा देणार न्हाई."

"अरे, पूर येणार म्हणूनच तर विमा पाहिजे!"

"पूर येणार म्हणूनच तर देत न्हाईत."

मी ह्यांना असं काही फैलावर घेतलं की हे जेवण अर्धं टाकून साहेबांकडं पळाले अन् फेरतपासणी मागून आले. येताच ओट्यावर नवा क्लास. "आता म्हणा, पाणी आलंच नाही!"

साहेब आले. सरजाबाईला विचारलं, "बाई, पाणी कुठवर आलं होतं?"

सरजाबाई ताठ उभी राहिली. "मास्तरांच्या चौथ्या पायरीपर्यंत!" मलप्पानं तेच सांगितलं. खिडकीतून आमच्या पोरी तर एका सुरात ओरडल्या. ह्यांनी डोळे वटारले तशी सरजाबाई म्हणते, "गुरुजी, बरोबर आलं ना?"

साहेब पोट धरून हसले. "राहू द्या. आता कुणालाच विचारत न्हाई." त्यांनी तिपाईवर दुर्बीण लावली, आमच्या दारात उंच पट्टी उभी करायला लावली. एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. मग हसणं थांबलं.

"मास्तर, तुम्ही खोटं सांगितलं होतं."

"चुकलं साहेब." ह्यांनी कान धरले.

"लईच कमी सांगितलं हो. मोठा पूर आला तर पाणी या खालच्या खिडकीच्या वर जाईल."

 त्या खिडकीला लागूनच पोरींच्या खाटा. त्या अजून आतून खिदळत होत्या, अन् मला मेलीला रडूच फुटलं.

"उठा," मी ह्यांना म्हणलं. "आत्ताच्या आत्ता पोरी वर न्यायच्या."

"अन् आपण?"

"आपण खाली."

विम्याचं काय होतं ते बघायला आलेला राघवेंद्र मधेच म्हणाला, "मामी, पण विमा..."

"खड्ड्यात गेला तुझा विमा! घर माझं हाय, पोरी लोकांच्या हायेत."

हे काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडणार होते. माझ्याकडं बघितलं, गादी उचलली अन् मुकाट जिना चढायला लागले.