अंगठा मोजू नये म्हणून

एक बोट

अजमलचं बोट लॅपटॉपच्या पॅडवर. बाण डावीकडे जातो. उजवीकडे जातो. वर, खाली, तिरका.

"चाललंय की, ताई."

मंगलचं बोट पॅडवर. बाण जागचा हलत नाही. पडद्यावरचा 'नाव' हा एवढासा शब्द मात्र फुगायला लागतो. वीतभर होतो, हातभर होतो, मग पडद्यात मावत नाही आणि शेवटी त्यातला फक्त काना उरतो, खांबासारखा.

"आता बोला."

अजमलचं बोट पॅडवर. बाण मुकाट हलतो.

"बोला की, अजमलभाऊ."

अजमलने लॅपटॉप उलटा करून बघितला.

ही तिसरी खेप

कवठे महांकाळच्या एसटी स्टँडसमोर अजमलचं लॅपटॉप आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मंगलचा लॅपटॉप जुना, बचत गटातून तिच्याकडे आलेला. पहिल्या खेपेला त्याने पॅड स्पिरिटने पुसून दिला. दुसऱ्या खेपेला पॅडच बदलला. दोन्ही वेळा दुकानात स्वतःच्या बोटाने तपासला आणि दोन्ही वेळा तो छान चालला. मंगल तो घरी घेऊन गेली की पुन्हा तेच. मग त्याने सांगितलं, तुमच्या घरच्या वायरिंगला अर्थिंग नसेल. मंगलच्या सासूने, हरणाबाईने, त्याच्यावर विश्वास न ठेवता लॅपटॉपवरून मीठ-मिरची उतरवून टाकली. त्यातले मिठाचे दोन खडे कीबोर्डात गेले. ते त्याने आज चिमट्याने काढले.

आज हरणाबाईही आली होती. बाकड्यावर बसून दुकानदाराकडे बघत होती, जनावर घेण्याआधी माणूस बघतं तशी.

गुरुवार

आज सोमवार. गुरुवारी सांगलीत मंगलची परीक्षा.

मेंढपाळांची एक संस्था. मेंढ्यांना लस टोचायची, कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहायचा, मालकाचं नाव, गाव, मेंढीचं वय. हे सगळं जागेवरच, वाड्यावर म्हणजे मेंढरांच्या मुक्कामी उभं राहून लॅपटॉपवर भरायचं. त्यासाठी एक माणूस पाहिजे. परीक्षा म्हणजे अर्ध्या तासात पंचवीस फॉर्म. वीस बरोबर आले की जागा आपली. लॅपटॉप संस्थेचा. माऊस मिळणार नाही, कारण मेंढरांच्या वाड्यावर टेबल नसतं.

मंगलला मेंढरं कळतात, टायपिंग येतं, बारावी झालेली आहे. तिला फक्त बाण हलवता येत नाही.

"माऊस न्हाई, ह्ये न्हाई, तर मग मी तितं जाऊन काय करू? बाणाला हाका मारू?"

आकडे

अजमलकडे पॅड तपासायचा एक प्रोग्राम होता. तो पॅडला काय जाणवतंय ते आकड्यांत दाखवतो. जिथे काहीच नाही तिथे शून्य. बोट जसं जवळ, तसा आकडा मोठा.

त्याने स्वतःचं बोट ठेवलं. एक ओळ उतरवून घेतली.

० ० ३ १८ ५२ ७१ ४९ १६ २ ० ० ० ० ०

"आता तुमी ठेवा, ताई. नेहमी ठेवता तसंच."

० ४ २२ ५८ ६६ ३१ ६ ३ १२ ४० ५५ २७ ५ ०

तो दोन्ही ओळी बघत बसला. पॅड बिघडलेला असता तर आकडे वेडेवाकडे आले असते. हे तर सरळ होते. फारच सरळ.

हरणाबाई उठून मागे येऊन उभी राहिली. तिने दुसऱ्या ओळीवरून हवेतच बोट फिरवलं.

"चढ. मग उतार. मग परत चढ. दोन दंडोबाचं डोंगर हाईत की रं हितं, शेजारी शेजारी."

अजमलने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग ओळीकडे. सहासष्टावरून तीनपर्यंत खाली आणि तिथून पुन्हा पंचावन्न. दोन डोंगर, मधे खिंड. पॅड मोजतो ते असंच. मधे खिंड सापडली की त्याच्या लेखी बोटं दोन.

"ताई, दुसरं बोट कुठलं लावलंय?"

"एकच तर लावलंय."

तिघांनीही खाली बघितलं.

मंगलचा डावा हात पॅडवर होता. तर्जनी मधोमध. आणि खाली कोपऱ्यात, ओट्यावर मांजर पसरावं तसा, अंगठा.

"ह्यो?" मंगल म्हणाली. "ह्यो तर नुसता बसलाय."

सूत

डावा हात का?

अजमलने हे विचारलं. कारण मंगल जेवते उजव्या हाताने, लिहिते उजव्या हाताने. पैसेसुद्धा तिने उजव्या हाताने काढले होते.

मंगलने विचार केला. "उजवा कसा लावायचा? उजवा..." तिने हवेत उजवा हात गोल फिरवला, आणि थांबली.

हरणाबाई हसायला लागली. बाकड्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसली.

"आरं, ती सूत काढतीया! लेका, ती तुझ्या त्या यंत्रावर सूत काढतीया!"

मंगलच्या घरात लोकरीचं सूत निघतं. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हातात लोकर. डावा अंगठा एका जागी दाबून धरायचा आणि तर्जनी त्याच्यापासून हळूहळू लांब नेत लोकर सोडायची. लग्न होऊन आल्यावर मंगलला हे हरणाबाईनेच शिकवलं. अंगठा उचलला की अंगठ्यावर फटका.

"लय मार खाल्लाय त्येच्यापायी," मंगल म्हणाली.

"खाल्लास म्हनून धागा तुटत न्हाई तुजा."

अजमल ऐकत होता आणि त्याची तर्जनी आपोआप टेबलावर अंगठ्यापासून लांब सरकत होती. दोन बोटं एकमेकांपासून लांब गेली की पॅड चित्र मोठं करतो. त्याला तसंच शिकवलंय. म्हणजे पॅड चुकला नव्हता. बदलून फेकलेला तो पहिला पॅडही चुकला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या घरचं अर्थिंग चांगलं आहे."

अंगठा उचलून धरणे

सोमवार, दुपार. अंगठा उचलला. बाण हलला! सव्वा मिनिट हलला. मग अंगठा खाली.

सोमवार, दुपार, थोड्या वेळाने. अंगठा तळहाताशी रुमालाने बांधला. तर्जनी थरथरते. बाण माशीसारखा.

सोमवार, निघताना. उजवा हात. बाण नुसता गोल गोल.

मंगळवार, सकाळ. मंगलचा फोन. "आवं, लक्षात हाय तवर वर ऱ्हातोय. नाव टायपाय लागलं की इसरतंय. आत्या शेजारी बसून फटकं द्यायला तयार हाय, पन आता उलटं. अंगठा खाली आला की फटका." आत्या म्हणजे सासू, हरणाबाई.

"तुमच्या लॅपटॉपवर मी ते मोठं करणं बंद करून देतो."

"माज्यावर करशीला. सांगलीच्या लॅपटॉपवर कोन करनार?"

कशाकशाला बोट म्हणतो

अजमलच्या दुकानात मंगळवारी तीन मोबाईल दुरुस्तीला आले. त्याने एकालाही हात लावला नाही. अंगठा खाली येणारच असेल तर येऊ दे, पॅडला तो दिसू नये एवढंच पाहिजे. पण पॅडला काय दिसतं?

अंगठ्यावर पातळ प्लास्टिक: दिसतो.

वर्तमानपत्राचा एक पदर: दिसतो.

ओलं फडकं: एकाच्या जागी तीन अंगठे असल्यासारखा दिसतो.

पेन: दिसत नाही.

डब्यातली काकडी, हातात धरून: दिसते. काकडीला तो बोट समजतो. काकडीने बाण हलवता येतो, आणि चांगला हलतो.

अजमलने काकडीने एक अख्खी फाईल उघडली आणि बंद केली. गिऱ्हाईक बघत होतं.

"काय करताय हो?"

"बघतोय."

म्हणजे बोट वगैरे त्याला कळतच नाही. अंगात पाणी असलेलं काहीतरी जवळ आलंय, एवढंच कळतं. आणि आकडा दहाच्या खाली असेल तर तो ते सोडून देतो. पाणी आणि पॅड यांच्या मधे काहीतरी जाड, कोरडं पाहिजे.

त्याने मंगलला फोन लावून काकडीपासून सगळं सांगितलं. तिकडे हरणाबाईने तो हिसकावून घेतला असावा.

"जाड आन कोरडं? आन मग गावभर काय हुडकतुयास? घरात काय पडलंय, सांग."

अर्ध्या तासाने मंगलचा फोन. पाच वेढे. काळी लोकर. अंगठा पॅडवर मजेत बसलाय आणि बाण हलतोय.

बुधवारी दोघी दुकानात आल्या. त्याने ओळ उतरवून घेतली.

० ४ २१ ५९ ६५ ३० ६ १ २ ४ ५ ३ ० ०

एक डोंगर. त्याच्या बाजूला एक बांध. बांध कोण मोजतंय?

हरणाबाईने पिशवीतून लोकरीची गुंडी काढून टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ दे तुला. काकडी नासंल."

सांगली

संयोगिता मॅडम परीक्षा घेत होत्या. सहा उमेदवार, सहा लॅपटॉप. घड्याळ सुरू झालं आणि त्या मंगलपाशी थांबल्या.

"हाताला काही बांधायचं नाही. काढा ते."

"मॅडम, ह्ये काढलं की पान मोठं हुतंय."

"म्हणजे?"

मंगलने लोकर काढून दाखवलं. पान मोठं झालं. लोकर गुंडाळून दाखवलं. बाण हलला. मॅडमनी भुवया वर केल्या. खुर्ची ओढली. स्वतःचा अंगठा कोपऱ्यात ठेवला, तर्जनी सरकवली. पान मोठं झालं.

"अरेच्चा. थांबा, मला गुंडाळा बरं."

मंगलने मॅडमच्या अंगठ्याला लोकर गुंडाळली. दुसरं काय करणार? मॅडमनी बाण डावीकडे नेला. उजवीकडे नेला. अंगठा उचलला, ठेवला. चार वेढे, तीन वेढे. तीन वेढ्यांना पुन्हा पान हललं, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या "हां!" म्हणाल्या.

शेजारचा उमेदवार चौथ्या फॉर्मवर होता.

"मॅडम," मंगल म्हणाली, "माजी येळ चालू हाय."

मॅडमनी घड्याळ बघितलं. सात मिनिटं गेली होती. त्यांचा चेहरा उतरला. "वेळ वाढवून देता येणार नाही हो मला. बाकीच्यांना काय सांगू?"

"नका देऊ. माजी लोकर तेवढी द्या."

तेवीस मिनिटं. बिल्ला, नाव, गाव, वय. जमा. बिल्ला, नाव, गाव, वय. जमा. कडेगाव. जमा. आटपाडी. जमा. चार दातांची मेंढी म्हणजे वय किती हे बाकीचे कागदात शोधत होते, मंगल शोधत नव्हती. जमा. जमा. मॅडम मागे उभ्या होत्या आणि मंगलला त्यांचा श्वास ऐकू येत होता. जमा.

फोन

"झाली?"

"झाली."

"अंगठा दिसला का त्याला?"

"आवं, किती झालं ते तरी इचारा आदी."

"किती?"

"एकवीस. एक चुकला, बिल्ल्याचा आकडा. ऱ्हायलं वीस." मागे सांगली स्टँडचा गोंगाट. "वीसच पायजे हुतं, अजमलभाऊ. सोमवारपासनं कामावर. पैली लस शिराळ्याकडं."

अजमलने दुकानात कोणी नसताना टेबलावर मूठ आपटली. "मावशींना सांगितलं?"

"आत्याला आदी सांगितलं. ती म्हनली, मग अंगठा हाय कुनाचा."

"बरं, पण दिसला का?"

"एकदा. सतराव्याला. लोकर सैल झाली, पान जरा हललं. मग दातानं गाठ आवळली."

"दाताने?"

"हात कुठं रिकामा हुता?"

अजमलने टेबलावरच्या काळ्या लोकरीकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, थुंकी लागली असेल लोकरीला."

"लागली असंल की."

"मग ती ओली झाली. ओलं त्याला दिसतं. जास्तच दिसतं."

"न्हाई दिसलं."

"दिसायला पाहिजे होतं."

"न्हाई दिसलं म्हनते ना. चार फॉर्म भरलं त्येच्यावर."

"का पण?"

"ते तुमी बघा. माजी गाडी लागली."

फोन बंद झाला. दारात चार्जर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक उभं होतं. अजमलने त्याला हातानेच थांबायला सांगितलं, टेबलावरची काळी लोकर अंगठ्याला पाच वेढे गुंडाळली आणि अंगठा तोंडात घातला.