विमानतळावर राहिलेला आशीर्वाद

माझी मुलगी यूलिमार स्पेनमध्ये गिहोनला येऊन तीन आठवडे झाले, पण एकदाही तिनं माझ्याकडे आशीर्वाद मागितला नव्हता. आम्हा व्हेनेझुएलाच्या माणसांत घराबाहेर पडताना, परत आल्यावर, झोपताना, अगदी फोन उचलला तरी पोर आधी म्हणतं, "आशीर्वाद, आई." आईनं लगेच म्हणायचं, "देव तुझं भलं करो." मग बाकीचं बोलणं. रुसलेली पोरंसुद्धा तोंड वाकडं करून का होईना, मागतात. ही बया मात्र नुसतं "येते" म्हणून चालती व्हायची.

नऊ वर्षांची होती तेव्हा तिला माझ्या आईकडे बार्किसिमेतोला सोडून मी इकडे आले. सहा वर्षं परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घातलं, कागदपत्रांसाठी रांगा लावल्या, ते हिच्यासाठीच ना? आता रोज सकाळी मक्याच्या पिठाचे अरेपा भाजून पुढ्यात ठेवते, तर मान खाली घालून खाते. हिनं मला आई मानणंच सोडलं, असं वाटून रडू यायचं. आणि रडू आलं की मी भांडी आदळते, हा माझा जुना रोग.

त्या सोमवारी ती शाळेला निघाली, "येते" म्हणाली, आणि तिकडे मध्यरात्र उलटलेली असूनही मी तडक आईला फोन लावला.

"काय वळण लावलंस गं नातीला? साधा आशीर्वाद मागत नाही!"

"निल्सा, तोंड आवर," आई म्हणाली. "विमानतळावर मागितला होता तिनं. तूच दिला नाहीस."

"मी?"

"काल रडत सांगत होती. तुझ्या गळ्यात पडून मागितला, आणि तू म्हणालीस, 'जाकीट कुठंय तुझं? आजारी पडायचंय का?' वर्षभर फोनवर तुझ्याशी धड बोलली नाही, म्हणून तू राग धरलास असं वाटतंय पोरीला. परत मागायला घाबरते ती."

मागून न मिळणं म्हणजे आमच्यात थोबाडीत खाण्यापेक्षा वाईट. आग लागो त्या जाकिटाला!

तशीच पळाले, घरातल्या चपलांवर, एप्रनसकट. बस थांब्यावर ती वर्गातल्या दोन मुलींबरोबर उभी होती. मी लांबूनच ओरडले, "देव तुझं भलं करो, यूली! देव तुझं भलं करो गं!"

"आई, हळू! लोक बघतायत."

"बघू देत! अगं, मला ऐकूच आलं नव्हतं. आईची शपथ. तुझ्यावर मी कशाला राग धरीन, माझे बाई?"

बस आली. मैत्रिणी चढल्या. यूली पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

"हा विमानतळावरचा झाला," ती म्हणाली. "आता आजचा. आशीर्वाद, आई."

तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून मी दिला, आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी सोडलं नाही.