सात दिवसांत फाडफाड इंग्रजी

शिराळ्याजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी शाळेच्या पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर निळे-हिरवे दिवे लुकलुकणारी पेटी, पेटीला झेंडूचा हार आणि शेजारी ती घेऊन मलकापूरहून आलेले वीरधवल सर. माझी अपेक्षा, आठवीतली पोर, कान झाकणारा भलामोठा फेटा बांधून माईकसमोर फाडफाड इंग्रजी बोलत होती. बायका पेटीला हात जोडत होत्या.

माझी म्हणते, कारण अकरा वर्षं या शाळेत इंग्रजी मी शिकवलं. मी सलिमा मुल्ला. चारच दिवसांपूर्वी शाळेचे चेअरमन हंबीरराव यांनी मला ऑफिसात उभं ठेवून सांगितलं होतं, की एक तारखेपासून येऊ नका, आता इंग्रजी शिकवायला वाणीगुरू यंत्र आलंय. बसा म्हणायचंसुद्धा सुचलं नाही त्यांना. पटांगणात मी उट्टं काढायलाच गेले होते, उगाच खोटं कशाला बोलू?

वीरधवलची टकळी चालू होती. शिक्षक थकतो, रजा टाकतो, पगार मागतो. यंत्राला यातलं काही लागत नाही. सात दिवस पेटीसमोर बसवा, एआयची लहर थेट मेंदूत उतरते आणि व्याकरण आपोआप विरघळतं. व्याकरण म्हणजे काय खडीसाखर आहे? पण लोक माना डोलावत होते.

मी माईक मागून घेतला आणि आज सकाळी काय खाल्लंस, असं अपेक्षाला इंग्रजीत विचारलं. ती क्षणभर थांबली, मग खाडखाड बोलली. मी ते लोकांना मराठीत सांगितलं, की पोरीनं ब्रेड-बटर खाल्लं आणि संत्र्याचा रस घेतला.

तिची आई साळूबाई पुढच्याच रांगेत होती. ती म्हणाली, "आवं बाई, कसला रस? भाकरी आन् खर्डा खाऊन आलीया ती."

लोक हसले. यंत्र अजून गावाला सरावतंय, अशी सारवासारव वीरधवलनं केली. मी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, की पोरीनं नाव काढलं, तिचा सत्कार गावच्या फेट्यानं करा, पाहुण्यांनी बांधलेला फेटा कशाला? गावच्या फेट्याला आमच्याकडं कुणी नको म्हणत नाही. वीरधवल "नंतर, नंतर" करत आडवा आला, तेव्हा त्याला मानणारेही बिथरले. फेटे बांधणारे धनाजी स्टेजवर चढले, त्यांनी जुना फेटा सोडला आणि अपेक्षाच्या कानातून शेंगदाण्याएवढं यंत्र खाली पडलं.

पोर रडायला लागली. "सर म्हणले, कानात येतंय तेच बोलायचं. कुणाला सांगितलंस तर बक्षीस न्हाई."

मी ते उचललं, पदराला पुसलं आणि हंबीररावांच्या हातात ठेवलं. "चेअरमनसाहेब, घाला कानात."

भरल्या पटांगणात ते नाही कसं म्हणणार? मी त्यांना इंग्रजीत छंद विचारले. सहीपुरतंच इंग्रजी येणारे हंबीरराव अडखळत का होईना बोलून गेले, की मला पोहायला आणि कविता वाचायला आवडतं. मी भाषांतर केलं. लोक पोट धरून हसले. मला फार बरं वाटलं.

मग मी उलगडा केला. माईकमधला प्रश्न वीरधवलच्या खिशातल्या मोबाईलला ऐकू जातो, त्यातलं एआय उत्तर तयार करून कानात सांगतं. धनाजींनी पेटी उचकटली, आत नुसती दिव्यांची माळ. एआय खोटं नाही. मी स्वतः वर्गात त्याच्याकडून उच्चार ऐकवते, सरावाचे प्रश्न काढून घेते. पण मूल कुठं अडलंय हे ओळखून त्याच्याशेजारी बसावं लागतं, आणि ते काम माणसाचं आहे.

हंबीरराव माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, झालं गेलं सोडा. तुमी या परत."

"इथं नाही, माईकवर सांगा. आणि मला काढलं ती चूक झाली, हेही सांगा."

त्यांनी सांगितलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून मी पुन्हा सांगायला लावलं. लोकांनी पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत वीरधवलला स्टेजवरच्या खुर्चीतून हलू दिलं नाही.

शेवटी मी अपेक्षाला जवळ घेऊन तोच प्रश्न विचारला. तिला बराच वेळ लागला. कुणी हसलं नाही.

"आय... ईट... भाकरी," ती म्हणाली. "अँड खर्डा, टीचर."

आज तिला एवढंच येतं. पुढचं यायला महिने लागतील, आणि ते मी शिकवेन. तुमच्या गावात कुणी सात दिवसांत इंग्रजी द्यायला आला, तर पेटीला हार घालू नका. आधी पोराला त्याच्या घरचं काहीतरी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.